आधी दुर्बीण की आधी कॅमेरा?

नोव्हेंबर लागला, पक्षी सप्ताह जवळ आला, की ओळखीपाळखीतून एक तरी फोन येतोच. "पक्षी बघायला सुरुवात करायचीय, कॅमेरा कुठला घेऊ?" (अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरचा आणि पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा १२ चा, म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा पक्ष्यांचा.) बहुतेकांना मी सांगतो, आधी दुर्बीण घ्या. सगळ्यांना मात्र नाही सांगत.

आधी पैशांचं बघू. दहा हजारांच्या आसपास कामाची दुर्बीण मिळते आणि नीट जपली तर वर्षानुवर्षं टिकते. लांब झूमचा ब्रिज कॅमेरा, म्हणजे ज्याची लेन्स बदलता येत नाही तो, तिच्या कितीतरी पट महाग. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची बॉडी आणि १५०-६०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स अशी जोडी घ्यायची, तर खर्च लाखाच्या वर जातो.

दुर्बीण ८×४२ ची घ्या. आठपट जवळ दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ती रुंदी, मिलिमीटरमध्ये. झुंजुमुंजू असताना हाच आकडा कामी येतो. दुकानात २० पटवाली किंवा झूमवाली दाखवतील, ती नको. हात जरासा हलला तरी पक्षी हातचा जातो. चष्मा असेल तर डोळ्याजवळची रबरं खाली करून, चष्म्यासकट बघा. आणि पहिल्याच दिवशी एक काम करा. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसेल असं करा, मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. एवढं न केल्यामुळे "डोकं दुखतं" म्हणत दुर्बीण कपाटात टाकलेली माणसं मी पाहिली आहेत.

थंडीत सकाळी पुण्याजवळ कवडीपाटला गेलात की दुर्बिणीचं मोल कळतं. मुळा-मुठेवर फेस तरंगत असतो, काठाला प्लॅस्टिक अडकलेलं असतं, आणि त्यातच चक्रवाक बदकांची केशरी जोडी येऊन बसते. तिथून नजर थापट्या बदकांकडे जाते, तिथून खडकावरच्या धोबी पक्ष्याकडे. शेपटी सारखी वरखाली. चार पावलं तुरुतुरु धावतो, थबकतो, पाण्यालगतची माशी टिपतो, पुन्हा धावतो. दुर्बिणीतून एकाच धोब्याकडे दहा मिनिटं बघत राहता येतं. मी स्वतः कॅमेऱ्यापासून सुरुवात केली होती. दोन हिवाळ्यांत लॅपटॉपवर हजारो फोटो साठले, पण धोबी कसा चालतो हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फोटो निघाला की माझी मान स्क्रीनमध्ये जायची.

मोठ्या लेन्सचं सुख वेगळं आहे, ते नाकारत नाही. भिगवणला कुंभारगावातून होडीत बसावं, नदीसुरय पाण्यावर सूर मारायला वळावा आणि १/२००० सेकंदात त्याच्या पंखाचं पीस न् पीस थिजावं, हे दुसऱ्या कशाने होत नाही. पण लेन्सच दोन किलोच्या आसपास. ती गळ्यात घेऊन जंगलात चार तास चालणं होत नाही, माणूस एका जागी बसतो. शिवाय आणखी जवळ जायचा मोह होतो. कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या घरट्यापाशी हा मोह दिसतो. चांगल्या फोटोसाठी समोरची फांदी मोडायची म्हणजे सापाला आणि कावळ्याला घरटं उघडं करून द्यायचं. घरट्याचा फोटो काढूच नका. वर्षभर पक्षी बघून झाल्यावर ही लेन्स घ्या, त्याआधी नको.

राहिला ब्रिज कॅमेरा. निकॉनच्या पी९०० चा झूम ८३ पट आहे, पण सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा तुकडा, करंगळीच्या नखाहून लहान. म्हणून दाट झाडीत, ढगाळ हवेत फोटो दाणेदार येतात आणि उडता पक्षी सहसा सापडत नाही. मात्र ओळख पटवायला तो फार उपयोगी. नांदूर मध्यमेश्वरला चिखलात एक तुतवार (पाणथळीतला छोटा पक्षी) दिसली. हिरवी तुतवार की ठिपकेवाली, यावर आमचं एकमत होण्याआधीच ती उडाली. सोबतच्या काकांनी फोटो मोठा करून दाखवला. पांढरी भुवई डोळ्याच्या पार मागेपर्यंत गेलेली, पाय पिवळसर. ठिपकेवालीच होती. दुर्बिणीतून तेवढं बघायला वेळच मिळाला नव्हता.

ज्यांचे हात थरथरतात त्यांना तर मी सरळ ब्रिज कॅमेराच घ्या म्हणतो. दुर्बिणीत त्यांना सगळं हलताना दिसतं, कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन ते बरंच सावरून घेतं. झूम आधी पूर्ण मागे घ्यायचा, पक्षी मधोमध आणायचा आणि मगच पुढे न्यायचा, एवढी सवय लागली की झालं. आमच्या शेजारच्या काकू सत्तरीच्या आहेत, जिने फार चढवत नाहीत. खुर्ची बाल्कनीत, कॅमेरा कठड्यावर. समोरच्या उंबरावर तांबट दिवसभर टुकटुक करतो, पण पानांत दिसत नाही, म्हणून त्या हैराण होत्या. परवा त्यांनी मला हाक मारून फोटो दाखवला. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, आणि कपाळावरचा लाल ठिपका अगदी कुंकवासारखा.