छापील पान की मोबाइलची पट्टी?

वर्तमानपत्राच्या छापील पानावर संपादकाचा निवाडा आधी डोळ्यांत भरतो. आठ कॉलमी मथळा म्हणजे मोठी बातमी, तळाची एक कॉलमी म्हणजे किरकोळ. वाचायच्या आधीच कळतं. घडीच्या वरच्या अर्ध्या भागाचा मान तर वेगळाच. शिवाय आपण शोधत नसलेली एखादी चौकटही जाता जाता नजरेखालून जाते.

मोबाइलवर युद्ध आणि नटीचं लग्न एकाच मापाच्या चौकोनात येतं (हे मला अजून खटकतं). वजन ठरतं ते क्रमावर आणि फोटोवर. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या २००६ च्या पाहणीत वेबपानावरची नजर ‘एफ’ अक्षरासारखी फिरताना दिसली: वरच्या ओळी बऱ्याचशा, खाली नुसता डावा काठ. तिथे पाचव्या परिच्छेदातला खुलासा कोण वाचणार?

ताज्या घडामोडीला मोबाइलच बरा. दिवसाचा आवाका हवा असेल, तर मी पानच उलगडतो.