जुन्या जीपच्या रेडिएटरचे काम : साताऱ्यातील एक दुकान

यवतेश्वरचा घाट चढताना जुन्या महिंद्रा एमएम ५४० चा तापमानाचा काटा वर सरकू लागला, की बहुतेक जण थर्मोस्टॅटच (इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला देतात. साताऱ्याच्या एमआयडीसी परिसरातील या छोट्या दुकानाच्या मिस्त्रींनी मात्र त्याला साफ नकार दिला आणि तो मला पटला. त्यांनी तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या दोन्ही टाक्या डाख (सोल्डर) सोडवून वेगळ्या केल्या व प्रत्येक नळीतून पातळ पट्टी फिरवली, तेव्हा बोअरच्या जड पाण्याचा पांढरट थर खपल्या-खपल्यांनी बाहेर पडला. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग सैल झाल्यामुळे दाब टिकत नव्हता, आणि दाब टिकला तरच पाणी १०० अंशांपुढेही उकळत नाही, हे त्यांनी टेस्टर लावून दाखवले. पंख्याभोवतीचे तुटके आवरण बदलले. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरले. दर वाजवी आहेत, वेळ पाळण्याची सवय मात्र नाही (जुन्या गाड्यांच्या मालकांना याचे फारसे नवल वाटू नये). रेडिएटरच्या जाळीच्या वाकलेल्या पत्र्या सरळ करण्याचे काम घाईत उरकलेले दिसले. ते नीट हवे असल्यास गाडी देतानाच सांगावे.