मिस्टरी शॉपिंग, १९ महिन्यांनंतर: काम जमलं, वसुली शिकावी लागली

मिस्टरी शॉपिंगबद्दल, म्हणजे गिऱ्हाईक बनून गुपचूप दुकानाची सेवा तपासायच्या कामाबद्दल, विचारणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न करतो, "किती मिळतात?" ऑक्टोबर २०२३ मध्ये मीही तोच केला होता. १९ महिने, चार कंपन्या आणि १३१ व्हिजिट झाल्यावर सांगते, आधी "कधी मिळतात" ते विचारा. आणि त्याच्याही आधी, "तोवर माझे किती अडकतात?"

मी नाशिकची. अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं अकाउंट्सला होते, त्यामुळे येणं-देणं लिहून ठेवायची खोड आहे. पहिल्या व्हिजिटपासून शीट ठेवली: तारीख, ठिकाण, फी, खिशातून गेलेले, रिपोर्ट कधी दिला, मंजूर कधी झाला, खात्यात कधी आले. खालचे आकडे त्या शीटमधले आहेत.

काम काय ते थोडक्यात. साधं गिऱ्हाईक बनून दुकानात, पंपावर, शोरूममध्ये किंवा बँकेच्या शाखेत जायचं, कंपनीने दिलेल्या ब्रीफप्रमाणे, म्हणजे लेखी सूचनांप्रमाणे, वागायचं, सगळं लक्षात ठेवायचं आणि २४ तासांच्या आत रिपोर्ट भरायचा. फी बहुतेक वेळा ३०० ते ५००. कार शोरूमला ८०० मिळतात, पण टेस्ट ड्राइव्हनंतर महिनाभर सेल्सवाल्यांचे फोन येतात. त्यासाठी मी वेगळं सिम घेतलंय.

फी म्हणजे कमाई. रीइम्बर्समेंट, म्हणजे खर्चाची भरपाई, हे तुमचेच पैसे, तुम्ही कंपनीला बिनव्याजी वापरायला दिलेले. हा फरक मला कॉलेज रोडवरच्या एका रेस्टॉरंटने शिकवला. दोघांनी जेवायचं, स्टार्टर आणि डेझर्ट घ्यायचंच, फी ३५०, बिलाची मर्यादा १,२००. बिल झालं १,३८६. आमच्या ह्यांनी मधेच लाइम सोडा मागवला होता. म्हणजे १८६ गेले, १,२०० अडकले आणि ३५० साठी वाट बघायची. ते १,५५० आले ५८ दिवसांनी. घरी अजून त्या सोड्याचा उद्धार होतो.

पेट्रोल पंपाचं काम दिसतं सर्वांत सोपं. १०० चं पेट्रोल भरायचं, भरणाऱ्याने "झिरो बघा" म्हटलं का, गणवेश होता का, हवा भरायचं मशीन चालू आहे का, स्वच्छतागृह उघडं आहे का, एवढं टिपायचं. ब्रीफमध्ये मशीनचा नंबर दिसेल असा फोटोही मागतात, आणि मशीनवरच लिहिलेलं असतं, मोबाइल वापरू नका. मी फोटो हवेच्या मशीनपाशी जाऊन, लांबून झूम करून काढते. पण खरी मेख बिलाची. द्वारकाजवळच्या एका पंपावर मी बिल मागितलं तर पोरगा म्हणाला, "ताई, रोल संपलाय." त्याने आपलेपणाने पुस्तकातलं बिल फाडून हाताने लिहून दिलं, वर शिक्काही मारला. कंपनीने ते नाकारलं. छापील बिल नाही म्हणजे पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे रिपोर्ट बाद, रिपोर्ट बाद म्हणजे फीसुद्धा नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. आता मी गाडी रांगेत लावायच्या आधी पुढच्या गिऱ्हाइकाला छापील बिल मिळतंय का ते बघते.

दुसरा बाद झालेला रिपोर्टही बिलामुळेच. एप्रिल महिना, दुकानाचं बिल स्कूटरच्या डिकीत. फोटो काढला होता, पण घडीखाली तारीख झाकली गेलेली. तीन आठवड्यांनी क्यूसीने, म्हणजे कंपनीच्या रिपोर्ट तपासणाऱ्यांनी, स्पष्ट फोटो मागितला, तेव्हा बिल उघडलं तर कागद पांढरास्वच्छ. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो किंवा त्याची अक्षरं उडतात, नाशिकच्या उन्हात डिकीत तर फारच लवकर. तेव्हापासून दुकानाबाहेर पडल्या पडल्या, गाडीच्या सीटवर बिल सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा फोटो. तिसरा माझ्याच आळसाने, रिपोर्ट २६ तासांनी दिला म्हणून. आणखी दोन बाद झाले त्यात माझी चूक नव्हती, पण क्यूसीशी भांडून एकदाही काही हाती लागलं नाही.

आता कंपन्यांबद्दल. नावं लिहीत नाही, चौथीच्या भानगडीमुळे तर अजिबातच नाही.

पहिली कंपनी चोख. महिन्यात मंजूर झालेल्या रिपोर्टचे पैसे पुढच्या महिन्याच्या २० तारखेला. २०२५ मध्ये २० एप्रिलला रविवार होता, तर २१ ला आले. इथे "मंजूर" या शब्दावर बोट ठेवा. २९ तारखेला केलेली व्हिजिट २ तारखेला मंजूर होते आणि पैसे थेट एक महिना पुढे ढकलले जातात. हे कळायला मला पाच महिने लागले. आता २४ तारखेनंतर मी या कंपनीचं खर्चाचं काम घेत नाही, मग काम वाटणारी कोऑर्डिनेटर कितीही "मॅम, प्लीज, लास्ट स्लॉट" म्हणो. हो, असा अडलेला स्लॉट असला की मी जादा पैसे मात्र मागते. सिन्नरच्या एका व्हिजिटचे ३०० चे ५५० असेच झाले.

दुसरीच्या कागदावर ४५ दिवस, माझ्या शीटमध्ये सुरुवातीच्या वर्षाची सरासरी ५८. तिसरी परदेशी, पेपालवर डॉलरमध्ये देते. भारतातल्या खात्यात ती रक्कम रुपये होऊन आपोआप बँकेत येते, पॅन आणि पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा) आधी भरलेला असला की झालं. रुपये होताना थोडी कात्री लागते, पण तारीख चुकत नाही.

चौथी. चार व्हिजिट, ३,६४० रुपये, त्यातले २,१६० माझ्या खिशातून गेलेले. आधी "क्लायंटकडून (म्हणजे ज्यांचं दुकान तपासलं त्यांच्याकडून) पेमेंट आलं नाही", मग "अकाउंट्सवाले रजेवर", मग कोऑर्डिनेटर बदलली, मग तिच्याही जागी दुसरी आली, मग फोन बंद. क्लायंटने दिले नाहीत हा त्यांचा आणि क्लायंटचा प्रश्न. मला काम त्यांनी दिलं होतं.

या रागातून मी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, केली. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, आधार आणि पॅनवर. पैसे मागणाऱ्या नकली साइट भरपूर आहेत, तेवढं बघा. मार्केट रिसर्चचा कोड ७३२०० आहे, मी तो लावला. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात लिहिलंय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यायचे. करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. माझी नोंदणी चौथ्या कंपनीच्या व्हिजिटनंतरची, त्यामुळे त्या ३,६४० वर माझा दावा लंगडाच. पण दुसऱ्या कंपनीच्या बिलावर मी उद्यम नंबर छापायला लागले आणि सरासरी ५८ वरून ४३ वर आली. मार्च २०२५ मध्ये तर न मागता पैसे आले. माझा संशय तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४३बी(एच) कलमावर आहे: करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, मुदत उलटून थकवलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय कंपनीला खर्च म्हणून धरता येत नाही. मार्चअखेर जवळ आली की अकाउंट्सवाल्यांना हे बरोबर आठवतं. आम्हालाही सगळं मार्चमध्येच आठवायचं.

पैसे मागायची पद्धतही सांगते, कारण मी त्या खुर्चीत बसलेय. "मॅम, माझं पेमेंट कधी?" असा व्हॉट्सअॅप आला की आम्ही फक्त बघायचो. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक मेल टाका. त्यात असाइनमेंट नंबर, व्हिजिटची तारीख, मंजुरीची तारीख, फी, खर्च, एकूण. एका ओळीत एक काम. समोरच्या मुलीला ती ओळ तिच्या एक्सेलमध्ये लगेच सापडली पाहिजे.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर: १९६१ च्या आयकर कायद्याप्रमाणे एक कंपनी १९४सी कलमाखाली १ टक्का कापायची, दुसरी १९४जे खाली १० टक्के. दुसरीने तर पेट्रोलच्या पैशांवरही कापला होता. फी आणि खर्चाची बिलं वेगळी पाठवायला लागले तेव्हा ते थांबलं. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. कापलेला पैसा आयकर पोर्टलवरच्या कराच्या तक्त्यात (तेव्हा २६एएस) दिसतो का ते तिमाहीनंतर बघा. कर लागत नसेल तर रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण तोही पुढच्या वर्षी. म्हणजे आणखी एक उधारी.

नव्या कंपनीसाठी माझा नियम: पहिल्या तीन व्हिजिट बिनखर्चाच्या, म्हणजे बँकेत एफडीची चौकशी किंवा शोरूम. पहिलं पेमेंट खात्यात दिसल्यावरच जेवणाचं किंवा खरेदीचं काम. आणि कुठल्याही एका कंपनीकडे माझे स्वतःचे २,००० पेक्षा जास्त अडकू द्यायचे नाहीत. पहिल्या, चोख कंपनीलाही हाच नियम. एका दिवाळीत तिची सहा रेस्टॉरंट एकदम आली होती, मी दोनच घेतली.

आणि नाव नोंदवायचे, ट्रेनिंगचे किंवा "टास्क अनलॉक" करायचे पैसे मागितले की तिथेच थांबा. या धंद्यातल्या कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, एमएसपीए, तीही शॉपरला हेच सांगते. टेलिग्रामवर "मिस्टरी शॉपर" म्हणून येणारे मेसेज बहुतेक याच जातीचे. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचे असेच ११,००० गेले. त्याने दुसऱ्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. हा फोन पहिल्या तासात केला तर रक्कम गोठवली जायची शक्यता बरी असते.

हिशोब: १३१ पैकी १२२ चे पैसे आले, पाच बाद, चार बुडीत. फीचे एकूण ४६,२५०, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्याही आत, आणि यातून माझ्या स्कूटरचं पेट्रोल अजून वजा केलेलं नाही. घर चालवायला हे काम धरू नका. दुपारचे दोन तास मोकळे असतील, बिलं जपायची सवय असेल आणि दोन हजार दोन महिने विसरता येत असतील, तर पाचपैकी साडेतीन स्टार. पहिली कंपनी एकटीच असती तर साडेचार दिले असते.