भोसरीतलं लेथचं दुकान: इंची आटे कापून हवे असतील तर इथे जा

मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होतो, सुरुवातीची वर्षं हार्वर्ड या प्रशिक्षण विमानावर गेली. आता पुण्यातल्या एका संस्थेच्या आवारात उभ्या असलेल्या हार्वर्डवर आम्ही तिघं निवृत्त लोक दर शनिवारी काम करतो. ते उडणार नाही, नुसतं उभं राहणार. उडणाऱ्या विमानाला प्रमाणित भागच लागतात, तिथे लेथवरचं काम चालत नाही, हे आधीच सांगतो.

विमान हार्वर्ड टू-बी प्रकारचं, कॅनडात नूरडाइन कंपनीनं बांधलेलं. त्याचा उजव्या अंगाचा लांब एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप, पार सडला होता. कॉकपिट उबदार ठेवायला त्यावरूनच गरम हवा घेतात; टेक्सनचा, म्हणजे याच विमानाच्या अमेरिकन रूपाचा, आखूड पाइप तिथे शोभत नाही. खटपटीनं मिळाला तो हार्वर्ड-4चा, म्हणजे नंतरच्या प्रकाराचा. दोन्हीकडे तेच 600 अश्वशक्तीचं वास्प इंजिन, त्यामुळे इंजिनाकडचं तोंड अलगद बसलं. बॉडीकडचे ब्रॅकेट मात्र जुळेनात. त्यात मागे कुणीतरी ब्रॅकेटच्या भोकांत एम-6, म्हणजे सहा मिलिमीटरचे मेट्रिक, बोल्ट ठोकून बसवलेले. मूळ बोल्ट दोन सुताचा (पाव इंची), इंचाला 28 आटे. एम-6 त्याहून बारीक आणि त्याचे आटेही वेगळे. तो दोन फेरे जातो, मग अडतो. जोर लावला की आतले आटे गेलेच. हे पाहून मला फार वाईट वाटलं.

दोन सीएनसीवाल्यांनी (संगणकावर चालणारी मशीनं असलेल्यांनी) शंभर नगांखाली काम घेत नाही म्हणून सांगितलं. मला हवे होते सहा बुश, म्हणजे खराब भोकात बसवायच्या, आतून-बाहेरून आटे असलेल्या नळ्या. मग एका ओळखीच्यानं भोसरी एमआयडीसीतल्या या दुकानात पाठवलं. नाव लिहू नका असं मालकांनी सांगितलंय. एकच गाळा, म्हैसूर किर्लोस्करचा जुना लेथ, लीड स्क्रू (आट्यांचं माप ठरवणारा लांब स्क्रू) इंची. मी ड्रॉइंग पुढे केलं. ते म्हणाले, "साहेब, कागद राहू द्या. बोल्ट आणा आणि ज्यात बसवायचंय तेही आणा." तिथेच मला हा माणूस पटला. शनिवारी ब्रॅकेट काढून नेला. त्यांनी पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून प्रत्येक भोक तपासलं आणि सहापैकी एक शाबूत आहे हे मला दाखवलं. ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

बाकीच्या पाचांसाठी त्यांनी बुश केले: बाहेरून तीन सूत, 24 आटे, आतून दोन सूत, 28 आटे. दोन्हींमधली भिंत जेमतेम एक मिलिमीटर. आतले आटे आधी पाडून घेतले, बाहेरचे नंतर कापले, कारण उलट केलं असतं तर पकडताना बुश दबला असता. प्रत्येक बुशमध्ये माझा मूळ बोल्ट हातानं फिरवून पाहिला, मगच डब्यात टाकला.

बुशमागे 220 रुपये घेतले. मला महाग वाटले नाहीत. वेळेच्या बाबतीत मात्र तक्रार आहे. चार दिवस सांगितले, लागले अकरा, आणि फोन उचलत नाहीत. गुरुवारी भोसरीला सुट्टी असते, त्या दिवशी हेलपाटा मारू नका. सकाळी अकराच्या आत गेलात तर मालक स्वतः मशीनवर भेटतात. ज्यात बसवायचंय तो जोडीचा भाग नेल्याशिवाय जाऊ नका, ते काम सुरूच करत नाहीत.

गेल्या शनिवारी पाचही बुश बसवले. पाइप एका माणसानं धरला, मी बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरवले, पाना फक्त आवळायला लागला. पुढच्या शनिवारी मागच्या चाकाच्या पिना काढायच्या आहेत. त्याही याच दुकानात नेणार आहे, चाकाच्या फोर्कसकट.