दहा रुपयांची शिवभोजन थाळी आणि तिचे उरलेले चाळीस रुपये

एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर असलेल्या शिवभोजन केंद्रात मी अधूनमधून जेवतो. केंद्राचे नाव देण्याचे टाळतो, कारण तिथल्या उणिवा त्या एका केंद्रापुरत्या नाहीत आणि चालवणाऱ्या महिलांच्या कष्टात मला कसूर दिसलेली नाही.

थाळीचे प्रमाण शासनाने ठरवून दिलेले आहे : प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. चपात्या तव्यावरून उतरलेल्या, मऊ असतात, भात मोकळा असतो आणि कोबी किंवा बटाट्याची भाजी घरच्यासारखी, बेताच्या तिखटाची असते. कमी पडते ते वरण. त्याला फोडणी चांगली असली, तरी डाळ वाटीच्या तळाशी शोधावी लागते. अंगमेहनत करणाऱ्या माणसाचे दोन चपात्यांवर भागत नाही, त्यामुळे शेजारच्या गाडीवरून वडा घेऊन येणारे बरेच दिसतात; त्यांना कोणी हटकत नाही, हे चांगलेच.

या पातळ वरणाचे मूळ मला स्वयंपाकघरापेक्षा मंत्रालयात अधिक दिसते. २६ जानेवारी २०२० रोजी योजना सुरू झाली, तेव्हा एका थाळीची किंमत शहरी भागात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली गेली होती. ग्राहकाने १० रुपये द्यायचे आणि उरलेले ४० किंवा २५ रुपये शासनाने केंद्रचालकाला अनुदान म्हणून द्यायचे, असा हा व्यवहार आहे. ग्राहकाचे १० रुपये गल्ल्यात तात्काळ पडतात. शासनाचे पैसे मात्र देयक मंजूर होऊन निधी वितरित झाला की मिळतात, आणि ते महिनोन्महिने थकल्याच्या केंद्रचालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत वारंवार आल्या आहेत. किराणा दुकानदार तोवर थांबत नाही, गॅसचा सिलिंडर उधारीवर येत नाही. अशा वेळी तूरडाळ महागली की बचतगटाच्या हाती पाणी वाढवण्याखेरीज फारसे काही राहत नाही.

योजनेची जमेची बाजू तिच्या साधेपणात आहे. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला यांपैकी काहीही विचारले जात नाही. मोबाइल अ‍ॅपवर नाव आणि छायाचित्र घेतले की ताट समोर येते. नेटवर्क गेले की रांग अडते, आणि कॅमेऱ्यासमोर मान खाली घालणारी वयस्क माणसे पाहून अवघडायला होते. तरीही खोट्या थाळ्या दाखवून अनुदान उचलण्याला आळा घालायचा, तर अशी काही नोंद हवीच. ज्याला परवडते तो सहसा या रांगेत उभा राहत नाही, त्यामुळे गरजू निवडण्याचे काम शासनाला वेगळे करावे लागत नाही. लाभार्थींचे अर्ज, छाननी आणि पुन्हा छाननी यांत अडकलेल्या योजनांच्या तुलनेत हा गुण मोठा आहे.

२०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर करताना वर्षाला ४६ हजार कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले होते. त्या आकड्याशेजारी थाळीचे अनुदान किरकोळ ठरते, आणि कदाचित म्हणूनच ते मागे राहते : थाळी खाणाऱ्याच्या खात्यात काही जमा होत नाही, त्यामुळे ते थकले तरी त्याला कळत नाही. स्वस्त जेवणाची योजना अशी मागे पडल्याचे उदाहरण आपल्याकडे आहे : १९९५ साली शिवसेना-भाजप युती सरकारने केंद्रांमधून एक रुपयात झुणका-भाकर दिली होती. पुढे त्यांतल्या अनेक केंद्रांच्या जागी साधी उपाहारगृहे उरली.

माझ्या मते चवीला पाचपैकी साडेतीन गुण आणि ग्राहकाच्या दहा रुपयांच्या मोबदल्याला पूर्ण पाच द्यावेत. पैसे वेळेवर देण्याबद्दल मात्र शासनाला एकापेक्षा अधिक देता येत नाही. अनुदानाचा दर दरवर्षी डाळ-तांदळाच्या बाजारभावाशी ताडून ठरवावा आणि देयक ठरावीक मुदतीत न दिल्यास त्यावर व्याज द्यावे, एवढे केले तरी वरण घट्ट होईल. जेवायला जाणार असाल तर साडेबाराच्या आत जा. ठरलेल्या थाळ्या संपल्या की दार बंद होते आणि पार्सल मिळत नाही.