आधारचं बायोमेट्रिक लॉक : सोय चांगली, पण उलट्या बाजूने बसवलेली

आधारवरून बँकेतले पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. ना पिन, ना ओटीपी. जागेच्या दस्तांवर आधार क्रमांक आणि अंगठा शेजारी-शेजारी असतात. त्यावरून सिलिकॉनचा ठसा करून खाती रिकामी केल्याची प्रकरणं पोलिसांत गेली आहेत. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे ठशाचा वापर बंद करणारं कुलूप, प्रत्येकाने लावावंच.

आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स’ निवडा, ओटीपी टाका, झालं. पैसे लागत नाहीत. बोटं, डोळे आणि चेहरा या तिन्हींवरून ओळख पटवणं बंद होतं. ओटीपीने होणारी कामं चालू राहतात. रेशन दुकानात किंवा नवीन सिम घेताना मशीनने ३३० हा एरर दाखवला, तर ठसा पुसट नाही, लॉक लागलेलं आहे. तात्पुरतं अनलॉक करा. थोड्या वेळाने ते आपोआप परत लागतं. पेन्शनरांनी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला जाण्याआधी हे लक्षात ठेवावं.

खरी अडचण मोबाईलची. आधारला नंबर जोडलेला नसेल किंवा जुना असेल, तर ओटीपीच येत नाही आणि लॉक लावताच येत नाही. नंबर जोडायला किंवा बदलायला अनेकांना आधार केंद्र गाठावं लागतं. म्हणजे ज्या म्हाताऱ्या माणसांना, मजुरांना याची सर्वाधिक गरज, तेच बाहेर राहतात. कुलूप आधीपासून लावलेलं हवं होतं आणि उघडणं नागरिकाच्या हातात. सरकारने ते उघडं ठेवून बंद करण्याची जबाबदारी लोकांवर टाकली, हे मला मुळीच पटत नाही.