माझदा एमएक्स-५, १.५ लिटर : अकरा महिने, एक फाटलेला टायर आणि नऊ दिवसांची २.० लिटर

गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या बक्स्टनहून मॅकल्सफील्डला परतताना माझ्या एमएक्स-५चे, म्हणजे माझदाच्या दोन आसनी, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारचे, डावे मागचे चाक खड्ड्यात आदळले, टायरची बाजू दोन बोटे फाटली, आणि या गाडीत स्टेपनी नसते हे आधीपासून ठाऊक असलेले सत्य त्या दिवशी पावसात उभे राहून नव्याने समजले. (स्टेपनी हा आपला शब्द मूळचा वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरचा, पण इथल्या मेकॅनिकपुढे उच्चारला तर तो नुसता बघत राहतो.) कंपनी जी द्रवाची बाटली आणि छोटा पंप देते, ती खिळा घुसल्यास उपयोगी पडते, फाटलेल्या बाजूला नाही. गाडी ट्रकवरून गॅरेजात गेली. १९५/५० आर १६ या मापाचा, मला हवा तो टायर त्यांच्याकडे नव्हता, आणि सुट्ट्या धरून तो यायला लागलेल्या नऊ दिवसांसाठी त्यांनी मला बदली म्हणून दिली तीही एमएक्स-५च, पण २.० लिटरची.

खरेदीच्या वेळी मी १.५ लिटर निवडली ती निव्वळ काटकसरीने, आणि त्या काटकसरीचा हिशेब चुकला होता हे आधी कबूल करतो. इंजिन लहान म्हणजे कर कमी, हे भारतातून डोक्यात बसलेले गणित इथे चालत नाही. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या पेट्रोल गाडीला दुसऱ्या वर्षापासून एकच मूळ रोड टॅक्स लागतो, मग इंजिन कितीही लिटरचे असो. पेट्रोलचे म्हणाल तर अधिकृत आकड्यांनुसार दोन्ही इंजिनांत शंभर किलोमीटरमागे अर्ध्या लिटरपेक्षा थोडाच जास्त फरक पडतो. माझ्या वर्षाच्या बारा हजार किलोमीटरला तो शंभर पौंडांच्या आसपास भरतो. प्रत्येक टाकीची नोंद मी वहीत ठेवतो, आणि माझ्या गाडीची सरासरी लिटरला १५ किलोमीटर पडली आहे. साताऱ्याहून वडिलांनी फोनवर पहिला प्रश्न अर्थातच "किती देते?" हा विचारला. दुसऱ्या फोनला, २.० घ्यायला हवी होती असे मी म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "अरे, आपली ओम्नी ७९६ सीसीची होती आणि सात माणसं घेऊन आंबेनळी घाट चढायची. दोन माणसांना पंधराशे पुरत नाहीत?"

पुरत नाहीत असे मला दुसऱ्या महिन्यात मनापासून वाटत होते. आम्ही दोघे सामानासह ग्लासगोला निघालो होतो (डिकी १३० लिटरची, त्यामुळे उरलेल्या पिशव्या पत्नीच्या पायाशी), आणि एम ६ मोटरवेवर शॅपच्या चढाला सहाव्या गिअरमध्ये गाडीने मान टाकली. पाचवा टाकला तरी समोरचा ट्रक जवळ येईना, शेवटी चौथा टाकून आवाजासकट पुढे जावे लागले. १५२ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा ओढण्याचा जोर) म्हणजे काय, हे कागदावर वाचणे वेगळे आणि मागे व्हॅन चिकटलेली असताना अनुभवणे वेगळे. या अनुभवाचा पहिला मसुदा मी त्याच आठवड्यात लिहिला होता, आणि त्यात १.५ घेऊ नका असे स्पष्ट म्हटले होते.

तो मसुदा मी रद्द केला तो कॅट अँड फिडल रस्त्यामुळे. मॅकल्सफील्ड ते बक्स्टन हा वळणावळणांचा ए ५३७ रस्ता मला आठवड्यातून तीनदा लागतो. तिथे ताशी ५० मैलांची मर्यादा आहे आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. माझ्या गाडीत दुसऱ्या गिअरला ताशी ५० मैल म्हणजे काटा ६००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास असतो, ७५०० ची लाल रेघ, म्हणजे इंजिन फिरवण्याची कमाल मर्यादा, समोर दिसत असते, आणि हे सारे कायद्याच्या आत राहून. बदली गाडीत पहिले दोन दिवस मी चढावर नुसता पाय टेकवून हसत होतो, कारण ती तिसऱ्याच काय, चौथ्या गिअरमध्येही तक्रार न करता चढते. चौथ्या दिवशी लक्षात आले की त्या रस्त्यावर मी गिअरच बदलत नाही आणि काटा ४००० च्या पुढे क्वचितच जातो. २०१८ साली २.० लिटर इंजिनाचे पिस्टन हलके करून त्याचीही लाल रेघ ६८०० वरून ७५०० वर नेली गेली, ताकद १८४ पीएस (अश्वशक्ती) झाली, त्यामुळे लहान इंजिन जास्त फिरते हा जुना युक्तिवाद आता टिकत नाही. पण तिथवर फिरवायला मला जागा कुठे आहे?

इथे हा अनुभव संपायला हवा होता, पण सातव्या दिवशी पाऊस पडला. आमच्या गल्लीतून मुख्य रस्त्याला उजवीकडे वळताना चढ आहे, आणि तिथे ओल्यात माझ्या गाडीचे आतले मागचे चाक दर वेळी जागच्या जागी फिरते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा फडफडतो, संगणक ब्रेक लावतो, आणि नेमक्या निघायच्या क्षणी गाडी अडखळते. साध्या डिफरन्शियलला (इंजिनाचा जोर दोन मागच्या चाकांत वाटणाऱ्या भागाला) वजन उतरलेल्या चाकाला आवरता येत नाही. बदली गाडी त्याच वळणावरून एकदाही दिवा न लावता निघाली, कारण तिला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक मोकळे फिरू न देणारा, आहे, जो इथे फक्त २.० लिटरला मिळतो. मी त्या दिवशी कारण नसताना तीन फेऱ्या मारून खात्री केली. जपानमध्ये कापडी टपाची नेहमीची एमएक्स-५ १.५ लिटरमध्येच विकतात, आणि सगळ्यांत स्वस्त प्रकार सोडला तर मॅन्युअल गाडीला हा डिफरन्शियल देतात. म्हणजे तो या इंजिनाबरोबर बसतो, शोभतो आणि विकलाही जातो. फक्त इथल्या ग्राहकाने एका सुट्या भागासाठी अख्खे इंजिन मोठे घ्यावे अशी अपेक्षा आहे. जिची बैठक, स्टिअरिंग आणि गिअरची छोटीशी दांडी मला अकरा महिन्यांत एकदाही खटकली नाही, त्या गाडीवर मी रोज सकाळी त्या एका वळणापुरता चिडतो.

टायर आला, गाडी परत मिळाली, आणि बिलात न सांगता केलेल्या व्हील अलाइनमेंटचे ४० पौंड लावलेले होते. तीन आठवड्यांच्या ईमेलनंतर गॅरेजने त्यातले निम्मे परत केले.

पुढची गाडीसुद्धा १.५ लिटरच घेईन. जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच असते, म्हणून तिथली डिफरन्शियलवाली जुनी गाडी जहाजाने आणायला किती खर्च येईल याची चौकशी मी सुरू केली आहे. "वीस पौंडांसाठी तीन आठवडे भांडलास, आणि आता जहाजाचं भाडं भरणार?" असे पत्नीने विचारले. भाड्याचा आकडा अजून आलेला नाही.